पातळ थर म्हणजे नक्की किती?

आमच्या धंद्यात एखाद्या क्लायंटने "पेज लवकर उघडायला हवं" एवढीच रिक्वायरमेंट लिहून पाठवली, तर आम्ही त्याला सुखाने जेवू देत नाही. लवकर म्हणजे किती सेकंद? कुठल्या नेटवर्कवर? एका वेळी किती लोक असताना? मेलावर मेल. आणि हाच मी, बारा वर्षांचा अनुभव वगैरे असलेला माणूस, माझ्या चार वर्षांच्या मुलाची चिठ्ठी घेऊन स्किनवाल्या डॉक्टरांकडून बाहेर पडलो, तेव्हा त्यावर लिहिलं होतं : पातळ थर, दिवसातून एकदा. एकही प्रश्न न विचारता मान डोलावली, पैसे दिले, लिफ्टचं बटण दाबलं.

पातळ म्हणजे किती? टोस्टवरच्या बटरएवढा? की आमची आई पोळीला तूप लावते तसा, म्हणजे लावल्याचा नुसता भास? किती दिवस? बरं वाटलं की बंद, की आणखी पुढे? काही नाही. असं स्पेसिफिकेशन ऑफिसात आलं असतं तर मीटिंगमध्ये फाडून खाल्लं असतं.

तर आमच्या चिरंजीवांना इसब आहे. एक्झिमा. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत लाल, खरखरीत चट्टे. रात्री झोपेत इतका खाजवतो की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना "खाज" हा शब्द किरकोळ वाटतो. सलग तीन रात्री लेकराचे हात धरून बसा, मग बोलू.

चिठ्ठीवर दोन मलमं होती. हातापायांसाठी फ्लुटिकासोन, चेहऱ्यासाठी त्याहून सौम्य डेसोनाईड. दोन्ही स्टेरॉईड. घरी येईपर्यंत बायकोने रिक्षातच मोबाईलवर शोधून ठेवलं होतं, आणि दारात चपला काढेपर्यंत आईला कळलं होतं.

"स्टेरॉईड? एवढ्याशा पोराला? अरे त्याने रोग आत दाबला जातो. अंगातली उष्णता आहे ती, बाहेर पडू दे की."

मग घरगुती समिती बसली. ठराव असा झाला की मलम लावायचं, पण अगदी इवलंसं, मोहरीएवढं, आणि दोन दिवसांनी जरा लाली उतरली की लगेच बंद. वांगं बंद, मासे बंद, आंबट बंद. मी ठरावाच्या बाजूने मत दिलं, हे इथे कबूल करतो. लाली उतरायची, बंद करायचो, चार दिवसांत परत यायची, तीही जास्त जोरात. तीन आठवड्यांनी एका कोपरातून पिवळं पाणी यायला लागलं. जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक. तीनशे रुपयांच्या मलमाला घाबरून आम्ही पोराला तोंडातून घ्यायच्या औषधापर्यंत नेऊन पोचवलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला : "ट्यूब आणलीत का?" आणली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून दाबली. जवळजवळ भरलेली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघितल्या. मॅनेजर जसा रिकाम्या टेस्ट रिपोर्टकडे बघतो तसं. मग माझा हात ओढून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक सरळ रेघ काढली. म्हणाल्या, हे एक माप. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला एवढं लागतं. तळवा म्हणजे बोटं मिटून, बोटांसकट.

मंडळी, हे माप १९९१ पासून अस्तित्वात आहे! लाँग आणि फिनले या दोन ब्रिटिश मंडळींनी ते मांडलं. फिंगरटिप युनिट म्हणतात त्याला. ट्यूबचं तोंड साधारण पाच मिलिमीटरचं धरलं, तर एका रेघेत अर्धा ग्रॅम मलम बसतं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अडीच रेघा, एका हाताला तीन आणि पंजाला एक, एका पायाला सहा आणि पावलाला दोन, छाती-पोटाला सात, पाठ आणि कुल्ल्यांना सात. सगळं शरीर बेरजेला घ्या : साडेचाळीस रेघा, म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास. लहान मुलांसाठीही मोजायचं बोट मोठ्या माणसाचंच, फक्त रेघा कमी. गुणाकार-भागाकार चौथीतला आहे.

आता आमची केस. चार चट्टे, सगळे मिळून माझ्या चार तळव्यांएवढे. म्हणजे रोज दोन रेघा, एक ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी होती. आमची तीन आठवड्यांत पाव सुद्धा संपली नव्हती. आम्ही काळजी घेत नव्हतो, आम्ही नापास होत होतो. आणि "पातळ थर" या दोन शब्दांनी आम्हाला नापास व्हायला पूर्ण मोकळीक दिली होती. भितऱ्या माणसाने वाचलं की तो मोहरीएवढं लावतो, बेफिकीर माणसाने वाचलं की तो भिंतीला चुना लावल्यासारखं थापतो, आणि दोघेही शपथेवर सांगू शकतात की आम्ही चिठ्ठीप्रमाणेच केलं.

योग्य मापाने, रोज एकदा, चट्टा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत (दिसायला बरा होईपर्यंत नव्हे, हाताला), आणि त्याच्या जोडीला दिवसातून दोनतीनदा भरपूर मॉइश्चरायझर. नऊ दिवसांत कातडी साफ झाली. नऊ! मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

आता आईच्या "आत दाबला जातो"बद्दल. हे वाक्य इतक्या घरांत इतक्या आत्मविश्वासाने बोललं जातं की त्याला उत्तर द्यायलाच हवं. इसब ही काही बाहेर पडू पाहणारी घाण नाही. २००६ मध्ये फिलॅग्रिन नावाच्या एका प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध सापडला. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवायला मदत करतं. सगळ्या रुग्णांत हा दोष नसतो, पण मुद्दा कळतो : भिंत गळकी आहे. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं, शरीराची संरक्षण यंत्रणा चवताळते, खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी पडते. स्टेरॉईड ती चवताळलेली यंत्रणा शांत करतं म्हणजे भिंत बांधायला उसंत मिळते. रोग दाबून आत कुठे पाठवत नाही. परत येतो, कारण भिंत जन्मापासूनच तशी आहे. पावसाळ्यात गच्ची गळते म्हणून मागच्या वर्षीच्या डांबराने पाणी "आत दाबलं" असं कोणी म्हणतं का?

पण थांबा. मी स्टेरॉईडची वकिली करतोय असं वाटत असेल तर आता दुसरी बाजू ऐका, कारण ती मी स्वतःच्या कातडीवर भोगलेली आहे. शब्दशः.

ज्या आठवड्यात आमच्या घरात सौम्य आणि मध्यम मलमांवर ठराव पास होत होते, त्याच आठवड्यात आमच्या बाथरूममधल्या आरशामागच्या कपाटात एक ट्यूब बिनधास्त पडलेली होती. ब्रँडचं नाव सांगत नाही, तुमच्याही कपाटात असेल. ती आम्ही डास चावला तरी लावायचो, दाढी करताना कापलं तरी लावायचो. आई कांदा चिरताना बोटाला चिरा पडल्या की लावायची. आणि मी ती जवळजवळ आठ महिने जांघेत लावत होतो. गजकर्ण. पावसाळा, ओली जीन्स, चर्चगेटपर्यंत उभ्याने लोकल, मग सोळा डिग्रीच्या एसीत दहा तास... बाकी तुम्ही समजून घ्या. असल्या जागेचं दुखणं घेऊन डॉक्टरांकडे कोण जातो? मेडिकलवाल्याला खालच्या आवाजात सांगितलं, त्याने तितक्याच खालच्या आवाजात ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब. माणूस देवासारखा वाटला.

त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलं होतं? एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध, आणि क्लोबेटासोल ०.०५%.

आता गंमत बघा. आपण इंजिनिअर लोक, आकडा दिसला की तुलना करतो. हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूबवर १% लिहिलेलं असतं. क्लोबेटासोलवर ०.०५%. कुठलं स्ट्राँग? शाळेत शिकलेलं गणित सांगतं, पहिलं वीसपट स्ट्राँग. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन १% हे सगळ्यात सौम्य गटातलं आणि क्लोबेटासोल ०.०५% हे सगळ्यात जहाल गटातलं, शेकडो पट ताकदीचं. टक्केवारीवरून फक्त ट्यूबमध्ये किती माल घातलाय ते कळतं; माल काय आहे ते नाही. याहून वाईट म्हणजे नावं. क्लोबेटासोल प्रोपियोनेट ०.०५% आणि क्लोबेटासोन ब्युटिरेट ०.०५%. एका अक्षराचा फरक, आकडा तोच. पहिलं अतिजहाल, दुसरं मध्यम. आमच्याकडे कोणी दोन फंक्शन्सना अशी नावं दिली असती तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याचा जाहीर सत्कार झाला असता.

आणि जागा! स्टेरॉईड सगळीकडे सारखं शोषलं जात नाही. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन वेगवेगळ्या जागी लावून मोजलं. पुढच्या हाताची कातडी एक धरली, तर कपाळावर सहापट, जबड्यापाशी तेरापट आणि वृषणाच्या कातडीवर बेचाळीसपट शोषण. तळपायाला मात्र एकसप्तमांश. बेचाळीसपट शोषणाऱ्या जागेच्या शेजारी मी सगळ्यात जहाल औषध आठ महिने चोळलं. तेही घडीच्या जागी, जिथे कातडीवर कातडी आणि वर घट्ट कपडा, म्हणजे शोषण आणखी वाढणार. या औषधाचा नियम सांगतात तो असा : सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि चेहरा, काख, जांघ इथे नाहीच. मला हा नियम कोणी सांगितला? कोणी नाही.

परिणाम? मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळे आणि मग पांढरे झालेले चरे, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे. ते फिकट होतात, जात नाहीत. गजकर्ण बरं झालंच नव्हतं. स्टेरॉईडने लाली आणि खाज झाकली, बुरशीला मात्र मोकळं रान मिळालं, आणि कडा पुसट झाल्यामुळे नंतर बघणाऱ्या डॉक्टरांनाही पहिल्या नजरेत ओळखू येईना. याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. हे नाव १९६८ पासून आहे. ट्यूब बंद केल्यावर पहिले दहाबारा दिवस जी आग झाली ती लिहिण्यासारखी नाही. मग अनेक आठवडे तोंडातून बुरशीची औषधं, घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्णाची जी चिवट, औषधाला न जुमानणारी साथ पसरलीये, तिच्यामागच्या कारणांत या मिश्रणांचा वापर त्वचारोगतज्ज्ञ सतत मोजतात. तिच्यातल्या बुरशीला २०२० मध्ये जे नवं शास्त्रीय नाव मिळालं त्यात आपल्या देशाचं नाव आहे : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. अभिमान बाळगायचा का, ते तुम्ही ठरवा.

हा माझ्या एकट्याचा मूर्खपणा असता तर लिहिलं नसतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ चेहऱ्यावर स्टेरॉईड लावत होते. निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरने नाही, भलत्याच कोणीतरी सुचवलं होतं. कित्येक जण गोरं व्हायला किंवा आफ्टरशेव्ह म्हणून लावत होते. लग्न ठरलेल्या मुलींना पार्लरमधून "स्पेशल क्रीम" मिळतं, ते बरेचदा हेच. आधी चेहरा काचेसारखा चमकतो, मग पुरळ, मग कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसायला लागतात, आणि बंद केलं की चेहरा पेटतो. म्हणून पुन्हा लावायचं. भारतीय डॉक्टरांनी याला २००८ मध्ये स्वतंत्र नाव दिलं : स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा. आजाराला नाव द्यावं लागणं हे किती मोठं अपयश आहे!

कायदा नाही असं नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉईड्सच्या मलमांची सूट काढून त्यांना शेड्यूल एचमध्ये आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात स्टेरॉईड-अँटिबायोटिक-बुरशीनाशक अशी खिचडी मलमंही होती. मग परवा मी मुद्दाम आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाऊन क्लोबेटासोल मागितलं. चिठ्ठी? तो म्हणाला, "दादा, पंधरा ग्रॅम देऊ का तीस?" व्हॅलिडेशन फक्त कागदावर आहे, सर्व्हर सगळं स्वीकारतो.

यावर माझा एक मित्र म्हणतो, तुझं बरं आहे, तुला शहरात स्किन स्पेशालिस्ट मिळतो आणि फी परवडते. तालुक्याच्या गावातला माणूस मेडिकलवाल्याकडे नाही जाणार तर कुठे जाणार? हा मुद्दा खरा आहे आणि तो मी खिशात घालणार नाही. पण त्या माणसाला स्वस्त उपचार मिळतोय हे मात्र खोटं. त्याला दोन दिवसांचा आराम मिळतोय, आणि पुढे सहा महिने हप्त्याने ट्यूबा. माझ्या आठ महिन्यांच्या ट्यूबांची बेरीज डॉक्टरांच्या फीपेक्षा जास्त होती. आणि जिथे डॉक्टर नाही तिथे तर खोक्याने स्वतःहून बोलायला हवं ना?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. खोक्यावर, मोठ्या अक्षरात, वाचता येईल अशा भाषेत एक शब्द छापा : सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२४ मध्ये तीव्रता लेबलवर आणायचा निर्णय घेतलाच आहे. आपल्याला शोध लावायचा नाहीये. आणि डॉक्टर मंडळींनो, "पातळ थर" लिहिणं कृपा करून बंद करा. चार गोष्टी लिहा. कुठे, किती रेघा, किती दिवस, आणि थांबल्यावर काय. एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. तुमच्याकडे बाहेर चाळीस पेशंट बसलेत हे मला दिसतं, पण ते अर्धं मिनिट वाचवल्यामुळे मी तीन आठवड्यांनी एक्केचाळिसावा म्हणून परत आलो होतो.

आणि तोपर्यंत, तुम्ही. चिठ्ठी हातात आली की केबिनमधून उठू नका. विचारा. हे सौम्य की तीव्र? चेहऱ्याला चालेल का? पापण्यांच्या आसपास तर नक्की विचारा. तिथे दीर्घकाळ वापरलं तर काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत गोष्ट जाते, आणि अशा नाजूक जागांसाठी टॅक्रोलिमससारखं बिगर-स्टेरॉईड मलमही असतं. (ते पहिले काही दिवस चरचरतं. आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी फेकून देतो.) लंगोटाखाली लावायचं का, वरून पट्टी बांधायची का, हेही विचारा, कारण झाकलं की ताकद वाढते. डॉक्टर वैतागतील. वैतागू देत. क्लायंटही वैतागतो.

असो. बाथरूमच्या कपाटातली ती ट्यूब मी टाकून दिली. आई म्हणाली, "मग आता डास चावला की काय लावू?" म्हटलं, काही नको, थंड पाण्याचा हात फिरव. तिला पटलेलं नाही; शेजारच्या काकूंकडे दुसरी आहे असा मला दाट संशय आहे.

चिरंजीवांना आता डॉक्टरीणबाईंनी वीकेंड ट्रीटमेंट दिलीये. खरंच असं नाव आहे. कातडी साफ असली तरी नेहमीच्या चार जागांवर आठवड्यातून दोनच दिवस लावायचं, म्हणजे आग भडकायच्या आधीच राख ओली. शनिवार-रविवार, आंघोळीनंतर. फ्रिजवर तक्ता लावलाय, बायको टिकमार्क करते, ट्यूब उघडल्याची तारीख मार्करने ट्यूबवरच. काल रात्री मी मॅच बघत घाईघाईत अर्धीच रेघ काढली, तर तो हात मागे घेऊन म्हणाला, "बाबा, रेषेपर्यंत."